होखटोरच्या अलीकडे आणि पलीकडे

साल्झबुर्ग शहराकडून येताना तुम्ही गाडी डाव्या बाजूने चालवलीत आणि भारतातल्या सवयीमुळे त्यात तुम्हाला काही वेगळं वाटलंही नाही. आता प्रांताच्या पश्चिम भागात शिरताय, तेव्हा उजवी बाजू धरा. ऑगस्ट १९३५ चा ऑस्ट्रिया असाच आहे. एकाच देशात काही मुलूख डावीकडून चालतो, काही उजवीकडून. डोंगरापलीकडच्या केर्न्टन प्रांताने तर अगदी परवा, १५ जुलैला, बाजू बदलली. तिथे उतराल तेव्हा समोरून येणारा बैलगाडीवाला कुठल्या बाजूने येईल याचा भरवसा धरू नका.

तुमच्याखाली बीएमडब्ल्यूची आर १२ आहे. या फेब्रुवारीत बर्लिनच्या प्रदर्शनात मांडलेली, कोरी करकरीत. ७४५ सीसीचं इंजिन, अठरा अश्वशक्ती. दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे बाहेर आलेले, थेट तुमच्या पावलांपुढे. पुढच्या चाकाला तेलाने धक्के जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क आहे. बाजारात विकायच्या मोटारसायकलवर तो यंदा पहिल्यांदाच आलाय. मागच्या चाकाला मात्र काहीच नाही. खड्डा आला की सीटखालच्या स्प्रिंगा आणि तुमचा कणा, दोघांनी वाटून घ्यायचा. गिअर पायात नाहीत, टाकीच्या उजव्या अंगाला दांडा आहे. थ्रॉटलही उजव्याच हातात. म्हणजे गिअर बदलायचा तर थ्रॉटल सोडावा लागतो. हे आत्ताच, सपाटीवर, हाताला नीट शिकवून ठेवा.

लेंड गावापाशी दक्षिणेकडे एक खोरं फुटतं, ते गास्टाइनचं. डिसेंबर १९३७ मध्ये सुभाषचंद्र बोस त्या खोऱ्यातल्या बाडगास्टाइनमध्ये मुक्काम करून आपलं आत्मचरित्र लिहिणार आहेत. तुम्हाला ते ठाऊक आहे, इथे अजून कुणालाच नाही. या प्रवासात असं पुष्कळदा होईल. पुढचं सगळं माहीत असूनही तुम्हाला तोंड मिटून समोरच्या रस्त्यावर नजर ठेवावी लागेल.

ब्रुक गावाला डावीकडे वळा. उंची साडेसातशे मीटरच्या आसपास. सकाळ स्वच्छ आहे, कापलेलं गवत लाकडी घोडींवर वाळत घातलंय, त्याचा गोडसर वास गॉगलच्या फटीतूनही आत येतो. फुशच्या खोऱ्यात शिरलात की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ सरकू लागतात. फेरलाइटनला पोचेपर्यंत ऊन आहे. तिथे टोलनाका लागतो. तो माणूस शिलिंग मोजून घेतो आणि तुमच्या गाडीवरचं निळं-पांढरं चिन्ह पाहून थबकतो.

"जर्मनीहून?"

"नाही. हिंदुस्थानातून."

तो मोकळेपणाने हसतो. जर्मन पाहुणे यायचे बंद झालेत. १९३३ मध्ये हिटलरच्या सरकारने फर्मान काढलं: ऑस्ट्रियात जायचं असेल तर आधी हजार मार्क भरा. पर्यटनावर जगणाऱ्या या देशाचा गळा आवळण्यासाठीच ते काढलं होतं. गेल्या वर्षी जुलैत इथल्या चॅन्सेलरला, डॉलफुसला, नाझींनी त्याच्याच कचेरीत गोळ्या घातल्या. अशा काळात होखटोरच्या खिंडीतून डोंगर ओलांडणारा हा नवा रस्ता उघडलाय, या ३ ऑगस्टला, राष्ट्राध्यक्ष मिक्लास यांच्या हस्ते.

"वर हवा कशी आहे?" तुम्ही विचारता.

तो पश्चिमेकडे मान वळवतो. तिकडे निळ्या आभाळाला खालून कुणी करडं अस्तर लावावं तशी ढगांची एक सरळ कड दिसते. "दुपारपर्यंत पाऊस. त्याच्या वर काय असेल ते वरच कळेल."

त्याच्याकडून जुनी वर्तमानपत्रं मागून घ्या. कातडी कोटाच्या आत, छातीवर, चार-चार पानं एकावर एक लावा आणि मगच पट्टा आवळा. इथले सगळे मोटारसायकलवाले हेच करतात. वारा कातड्यातून झिरपतो, छापील कागदातून सहसा नाही.

उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी इथून वर मोटारींची शर्यत झाली. मारिओ तादिनीने अल्फा रोमिओतून फुश ते फुशर टोर्ल हे साडेएकोणीस किलोमीटर पंधरा मिनिटांच्या आत कापले. तुम्हाला तासाहून जास्त लागेल आणि लागू द्या. रस्ता सहा मीटर रुंद आहे, पण वर खडी आहे, आणि त्या शर्यतीने वळणांच्या आतली खडी उकरून बाहेरच्या बाजूला लोटली आहे.

पहिलं हेअरपिन येतं. वळणाच्या वीस पावलं आधी थ्रॉटल सोडा, क्लच दाबा, उजवा हात टाकीकडे न्या, दांडा दुसऱ्यावर ओढा. हात परत थ्रॉटलवर. मग डाव्या मुठीजवळची छोटी कळ जरा मागे घ्या, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल आणि इंजिन ठोके देणार नाही. आता आत शिरा, नजर वळणाच्या टोकाकडे, मागचं चाक किंचित घसरलं तर घसरू द्या, ब्रेकला हात लावू नका. बाहेर पडताना ओझं पेलत इंजिन खोलवर घुमतं, आणि दोन्ही सिलिंडरांची ऊब पायांना लागते. चार-पाच वळणांनंतर हाताला हा ताल सापडतो. पिफकार मागे पडतं, होखमाइस येतं. स्प्रूसची झाडं बुटकी होत जातात आणि एका वळणानंतर संपतातच.

पाऊस तिथेच गाठतो. आधी गॉगलवर चार थेंब, मग सगळीकडून. साधारण हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी गार होते, म्हणजे ब्रुकच्या मानाने तुम्ही वर दहा-अकरा अंश खाली जाणार, त्यात ओले. १,८०० मीटरच्या वर पावसाचा आवाज बदलतो. कोटावर टपटप वाजणारं पाणी आता सरसर घासत जातं. बाहीकडे पाहा: पांढरे दाणे, अर्धवट वितळलेले. ऑगस्ट महिना आहे, आणि हे बर्फ आहे. हेक्सेनक्युशे नावाच्या टापूत शिरताना, जिथे डोंगराने घरांएवढ्या शिळा ओतून ठेवल्यात, तिथे भुरभुर दाट होते आणि ढग रस्त्यावर उतरतो.

इंजिनाचाही दम कमी झालाय. अडीच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांशच उरतो, म्हणजे अठरातली चारेक अश्वशक्ती विरळ हवेनेच नेली. दुसऱ्या गिअरमध्येच राहा.

ज्या देखाव्यासाठी हा रस्ता बांधला त्यातलं आता काहीही दिसत नाही. तीस-पस्तीस शिखरं, तीन हजार मीटरच्या वरची, हिमनद्या, दऱ्या, सगळं दहा पावलांपलीकडे पुसलेलं. दिसतो तो फक्त रस्ता. म्हणून आता तोच बघा. कडेला ओळीने रोवलेले दगड पाहा. याच डोंगरातून काढलेले, हातोडी-छिन्नीने घडवलेले, प्रत्येकाचा माथा वेगळा. वळणाखालच्या आधारभिंती पाहा, एकावर एक चढवलेल्या शिळा, सांध्यात शिळा अशी बसवलेली की बोट घालायला जागा नाही. गाडी थांबवून एका दगडावर हात ठेवा. छिन्नीचे घाव अजून धारदार आहेत. पाच हिवाळ्यांची झीजही त्यांना लागलेली नाही. स्वच्छ उन्हाच्या दिवशी आलेला माणूस इथे शिखरांकडे बघत निघून जातो. धुक्यात आलेल्याला हे हात दिसतात.

ते हात बेकारांचे होते. फ्रान्झ वालाक या इंजिनिअरला १९२४ मध्ये या रस्त्याची आखणी सांगितली गेली, तेव्हा विचार होता तीन मीटर रुंद खडीच्या वाटेचा, मध्येमध्ये बाजूला घ्यायला जागा ठेवून. लोकांनी तोही वेडेपणा ठरवला. युद्ध हरलेला, साम्राज्य गमावलेला, चिमुकला उरलेला देश, मोटारी मोजक्या, आणि कुणाला हवाय अडीच हजार मीटरवरून रस्ता? मालाला ब्रेनरची खिंड होती, १९०९ पासून टाउएर्नची रेल्वे होती. मग १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्याचे हादरे इथल्या बँकांपर्यंत आले, आणि साल्झबुर्ग प्रांताचे प्रमुख फ्रान्झ रेर्ल यांनी उलटा हिशोब मांडला. लोकांना काम नाही ना? मग द्या. ३० ऑगस्ट १९३० ला पहिला सुरुंग उडाला. सुमारे ३,२०० माणसं कामाला लागली. वर काम करता येईल असे दिवस वर्षात थोडे, तेवढ्यात जमेल ते करायचं, पाच मोसमांत मिळून साधारण सव्वीस महिने. खर्च धरला होता २ कोटी ७० लाख शिलिंग, झाला २ कोटी ५८ लाख.

मला हा निर्णय मनापासून पटतो. भुकेल्या वर्षांत, केवळ लोकांनी डोंगर बघावा म्हणून रस्ता बांधायचा आणि त्यासाठी बेकार माणसाला रोजगार द्यायचा, यात मोठं धाडस आहे. धान्यकोठार किंवा धरण असतं तर कुणी प्रश्नच विचारला नसता. सौंदर्यासाठी सरकारी तिजोरी उघडायला छाती लागते, आणि रेर्ल यांच्यापाशी ती होती. २२ सप्टेंबर १९३४ ला, रस्ता अर्धवट असतानाच, वालाक आणि रेर्ल दोघे एका श्टायर १०० मोटारीत बसून हा डोंगर ओलांडून गेले. लोकांचा विश्वास बसावा यासाठी.

फुशर टोर्लला, २,४२८ मीटरवर, धुक्यातून दगडी भिंतींचा गोल आकार पुढे येतो. बांधकामात जीव गमावलेल्या कामगारांचं हे स्मारक, क्लेमेन्स होल्झमाइस्टर या वास्तुविशारदाने आखलेलं. गाडी उभी करा, टोपी काढा. इथून एक फाटा एडेलवाइसश्पित्से शिखरावर जातो, तिथे बसवलेल्या दगडी फरशीवर आज बर्फाचा ओला थर आहे. जाऊ नका. तिथून दिसणाऱ्या शिखरांसाठी पुन्हा कधीतरी या.

फुशर लाकेच्या तळ्यापाशी रस्ता खाली उतरतो. तिथे कामगारांची लाकडी बराक आहे, धुराड्यातून धूर येतोय. दारात उभा असलेला म्हातारा तुमच्या गाडीजवळ येतो, काही न विचारता हातमोजे काढतो आणि दोन्ही तळवे डाव्या सिलिंडरच्या पात्यांपाशी धरतो.

"चांगली शेगडी आहे," तो म्हणतो. "दोन आहेत. तुम्हीही उजवी घ्या."

दोघे समोरासमोर, इंजिनाला शेकत उभे राहता. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची नखं काळी आहेत, एकाचं अर्धंच आहे. भिंतींचं काम त्याने केलंय. कुठल्या, ते विचारा. तो हाताने दाखवतो, तिकडे फक्त पांढरं आहे.

"वसंतात बर्फ कसं काढणार?" तुम्ही विचारता.

तो खांदे उडवत बराकीच्या भिंतीकडे हात करतो. ओळीने टांगलेली फावडी. सुरुवातीच्या वर्षांत हे असंच होणार आहे: ३५० माणसं, ७० दिवस, हातातलं फावडं, आणि बर्फ इतकं की काही ठिकाणी रस्ता मोकळा झाल्यावर दोन्ही बाजूंना घराएवढ्या भिंती उभ्या राहतात. वालाक पुढे स्वतः बर्फ उडवणारं यंत्र आखेल, ते इथे १९५३ मध्ये येईल. या माणसाला तोवर अठरा वसंत आहेत. त्यातला १९३८ चा मार्च आधी येईल, जर्मन फौजा सीमा ओलांडून आत येतील आणि हा देश नकाशावरून सात वर्षं नाहीसा होईल. तुमच्या जिभेवर ते येतं. तो मात्र सिलिंडरपासून हात काढून पायाने जमिनीवरचं बर्फ दाबून बघतोय.

"हे ओलं आहे, धरणार नाही," तो म्हणतो. "पण संध्याकाळी गोठेल. आत्ताच निघा. बोगद्याच्या आधी उजवीकडे रस्ता कलतो, मधोमध ठेवा."

मधला छोटा बोगदा ओलांडा, मग शेवटचा चढ. ही खिंड रस्त्याच्या फार आधीपासून चालती आहे. शतकानुशतकं लादणीच्या घोड्यांवरून हालाइनचं मीठ इथून दक्षिणेला गेलं आणि व्हेनिसकडचा माल, काच, वाइन उत्तरेला आली. १९३३ मध्ये खोदकाम करताना होखटोरपाशी मजुरांना कांशाची एक छोटी मूर्ती सापडली, रोमन काळातला हर्क्युलिस. विचार करा, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी असाच ओला, गारठलेला इथवर आला आणि खिंड पार करून दे म्हणून देवापुढे ती ठेवून गेला. त्याच्याकडे शेकायला इंजिनही नव्हतं.

होखटोरचा बोगदा ३११ मीटरचा, २,५०४ मीटरवर. आत शिरताच बर्फ थांबतं, वारा थांबतो, आणि इंजिनाचा आवाज चहूबाजूंनी तुमच्यावर येतो. छतातून पाणी गळतंय. साल्झबुर्ग प्रांत इथे आत कुठेतरी संपतो. पुढे उजेडाचं एक टिंब आहे, ते पिवळसर दिसतं. आधी वाटतं, दिवा असावा.

ते ऊन आहे. बाहेर पडता तेव्हा डोळे मिटावे लागतात. केर्न्टनच्या बाजूला आभाळ निळं आहे, रस्ता कोरडा आहे, आणि पाठीमागून येणारा वारा कोट फडफडवतोय. मागे वळून बघा: ज्या ढगातून तुम्ही आलात तो डोंगराच्या धारेवर पांढऱ्या भिंतीसारखा अडलाय, काठावरून थोडा सांडतो आणि खाली येता येता विरून जातो. वायव्येकडून आलेली ओली हवा उत्तरेच्या उतारावर चढते, चढताना गार होते, पाऊस आणि बर्फ तिथेच टाकते. माथा ओलांडून खाली उतरताना ती पुन्हा तापते, कोरडी होते. जुलैत महाबळेश्वरच्या मुसळधारेतून वाईकडे घाट उतरलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे हा फरक पडायला तासभर घाट उतरावा लागतो. इथे एका बोगद्यात पडतो.

गाडी उन्हात लावा. कोटाखालचे कागद काढा, वरच्या पानांचा लगदा झालाय, आतली दोन कोरडी आहेत. ती ठेवून द्या, उद्या लागतील. बोटांत रक्त परत येताना दुखतं, तेवढं सोसा.

उतार लांब आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल बंद, इंजिनालाच गाडी धरू द्या. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ड्रम तापून सहाव्या वळणाला ब्रेक मऊ लागेल. गुटालपाशी फाटा येतो. उजवीकडे फ्रान्झ-योझेफ्स-ह्योहे, हिमनदीचा कठडा, २,३६९ मीटरवर. आडवाट आहे, तरी चुकवू नका.

तिथे पोचलात की समोर ग्रोसग्लॉकनर उभा राहतो, ३,७९८ मीटर, ऑस्ट्रियातलं सर्वांत उंच शिखर, आणि पायाशी पास्टर्झे. आठ किलोमीटरांहून लांब बर्फाची नदी, पार वरच्या खोबणीतून निघून वळण घेत थेट तुमच्या खालून जाणारी. पृष्ठभागावर भेगांच्या आडव्या रेघा, भेगांच्या आत निळा रंग. १८५६ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफ इथे आले, तेव्हापासून या जागेला हे नाव. बर्फ तेव्हाच्या मानाने खाली गेलंय, पण अजून जवळ आहे. पायवाटेने उतरा, थोड्या वेळात तुम्ही बर्फावर असाल.

तिथे बूट टेकवा आणि वाका. वरचा थर साखरेसारखा दाणेदार, खाली घट्ट. एका भेगेशी कान लावा: आत, खोल, पाणी वाहतंय. १९६३ मध्ये वरच्या कठड्यावरून बर्फाच्या काठापर्यंत तारेने ओढली जाणारी रेल्वे बांधली जाईल. तुमच्या स्वतःच्या काळात तिच्या शेवटच्या स्थानकावरून बर्फ गाठायला पायी बरंच चालावं लागतं, कारण बर्फ तिथून शेकडो फूट खचलंय, मागे हटलंय, आणि या जागी आता गढूळ पाण्याचं तळं आहे. तुम्ही या क्षणी जिथे उभे आहात तिथे तेव्हा नुसती हवा असेल. शेजारी एक बाई आपल्या मुलाला बर्फाचा तुकडा चाखायला देतेय. मुलगा दातांखाली तो फोडतो आणि अजून मागतो. हे सगळं कायमचं आहे असं त्या दोघांना वाटतंय, आणि मला त्या वाटण्याचा हेवा वाटतो. भरपूर वेळ थांबा. पास्टर्झेकडे बघायला पुन्हा अशी वेळ मिळणार नाही.

हायलिगेनब्लूटला उतरेस्तोवर ऊन डोंगरावर गेलंय. गावाचं चर्च, त्याचा टोकदार मनोरा आणि मागे बरोबर ग्लॉकनर. खानावळीत ताटलीत कासनुडल येतात: आत दही घट्ट करून केलेलं ताजं चीज आणि पुदिना, कडेला मुरड घातलेली, वरून वितळलेलं लोणी. मुरड हातानेच घालतात, आणि ती बघूनच स्वयंपाकीणबाईंची परीक्षा होते.

तेवढ्यात पोस्टाची बस येते आणि ड्रायव्हर दारातूनच सांगतो की होखटोरच्या उत्तरेला रस्ता गोठू लागलाय, आज रात्री वर कुणी जाऊ नये. खानावळीत एकदम गलका होतो. शेजारच्या टेबलावर व्हिएन्नाचं एक तरुण जोडपं आहे, पूख कंपनीची मोटारसायकल घेऊन आलेलं. त्यांना सकाळीच उत्तरेला जायचंय आणि तुम्ही तिकडूनच आलात हे त्यांच्या लक्षात आलंय. तो नकाशा घेऊन तुमच्याकडे येतो.

त्याला बसायला सांगा आणि सगळं नीट सांगा. आठच्या आधी निघू नका, ऊन वळणांवर पडू द्या. वर चढताना दुसरा गिअर, उतरताना पहिला, ब्रेकवर भिस्त नको. बोगद्यातून बाहेर पडताच रस्ता बाजूला कलतो, मधोमध ठेवा. हातमोज्यांचा दुसरा जोड आहे का, विचारा. नसेल तर तुमचा द्या, तुम्ही उद्या लिएन्झकडे, दक्षिणेला, उन्हात जाणार आहात. आणि फुशर लाकेच्या बराकीत थांबा म्हणावं. तिथे एक म्हातारा असेल, त्याने बांधलेली भिंत कुठली ते त्याला विचारा. उद्या ती दिसेल.